वरमाईचं नाव दुसरं

माझी सून बंगलोरला एका विमान कंपनीत आहे, काउंटरवर. कंपनी तिच्या घरच्यांना जवळपास फुकटात फिरवते, तिच्या आईबापांना आणि आम्हा सासूसासऱ्यांनाही. दोन्हीकडचे एकाच रांगेत. तिथंच माझं डोकं फिरलं. मुलाची आई मी, लग्नात पहिली साडी मला, पहिलं पान मला, आणि विमानतळावर मात्र मानबिन काही नाही, नुसती पाळी.

पाळी म्हणजे स्टँडबाय. पैसे मोजलेले सगळे बसले आणि तरी जागा उरली, तर आपण. त्यातही आधी कंपनीची माणसं, मग त्यांचे आईबाप आणि सासूसासरे, आणि त्यांच्यातही जो काउंटरवर आधी पोचला त्याचं नाव आधी. सुनेनं आम्हाला सगळं पढवून ठेवलं होतं. कपडे नीटनेटके, रबरी चप्पल नको. खिडकी मागायची नाही. शेजारच्याला तिकीट कसं मिळालं ते सांगत बसायचं नाही. आणि मुख्य म्हणजे काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालायची नाही. हुज्जत आपण घालतो, तक्रार सुनेच्या नावावर जाते आणि सवलत बंद होते.

आता मी अमरावतीची, त्यात आमचे हे वकील. हुज्जत म्हणजे आमच्या घरचा धंदाच. पहिल्याच खेपेला मी त्या मुलीला दोन-तीनदा विचारलं, बाई, माझं काय झालं म्हणून. संध्याकाळी सुनेचा फोन. आवाज गोड होता, पण मी समजायचं ते समजले.

माझी विहीण मात्र या कामात पटाईत. पातूरकडच्या शेतकरी घरातली बाई, आता अकोल्याला जुन्या शहरात राहते. मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसली की बसली, कोणाला काही विचारत नाही. आणि तिला दरवेळी जागा मिळते. मी दोनदा हात हलवत परत आले, ती एकदाही नाही. वर मलाच सांगते, ताई, घाई नाही करा लागत. सून तिच्याशी रोज तास-तासभर बोलते. मला विचारते, आई जेवण झालं का, आणि मग मुलाकडे फोन देते. जळायला आणखी काय लागतं? जळायची मी. उघड सांगते, लपवायचं काय त्यात.

सुनेच्या बाळंतपणाला अजून वेळ होता. पहिलटकरणीची आई म्हणून विहीणच जाणार होती आणि मी तोंड मिटून होते. पण मागच्या मे महिन्यात एका सकाळी मुलाचा फोन आला, दवाखान्यात नेलंय म्हणून. म्हटलं, आता कसला हक्क आणि कोणाचं माहेर. पहिलं नातवंड आधी मीच हातात घेणार.

विहीण अकोल्याहून गाडीत बसली, मी बडनेऱ्याला चढले. नागपूरपर्यंत ती काहीबाही बोलत राहिली, मी हं हं करत राहिले. विमानतळावर माझ्या बॅगेचं चाक अडकलं. ते सोडवून पाहते तर विहीणबाई काउंटरपाशी उभ्या. तिचं नाव लागलं, खाली माझं. वरमाई मी, आणि नाव दुसरं.

सुट्ट्यांचे दिवस. विकतचं तिकीटही मिळत नव्हतं. तिकीटवाल्यांतलं कोणी आलंच नाही तर आम्ही. माणसं आत जात राहिली, रांग संपली, आणि शेवटी काउंटरवरच्या मुलीनं विहिणीचं नाव पुकारलं. जागा एकच होती.

विहीण उठली. पिशवी उचलली, आणि मग माझ्याकडे वळली.

"तुमी जा ताई. पहिला मान तुमचा."

आपल्याकडे असं म्हणायची रीत आहे. तिनं म्हणायचं, मी छे छे, तुम्हीच जा म्हणायचं, तिनं आणखी एकदा आग्रह करायचा, मी तिच्या पाठीला हात लावून तिला पुढे ढकलायचं, आणि मग तिनं जायचं. पंगतीला बसताना, ऑटोत चढताना, आम्ही बाया जन्मभर हेच करत आलो. मी छे छे म्हटलंच नाही. मुलीनं विचारलं, या जात नसतील तर पुढचं नाव तुमचं, जाता का? मी हो म्हटलं. विहिणीचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं तोंड उघडलं, पण हुज्जत घालायची नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. ती खाली बसली. जा म्हणाली, गेले. माझं काय चुकलं त्यात? विमानात मला एवढा आनंद झाला की चहाही मागवला नाही.

संध्याकाळी दवाखान्यात पोचले तेव्हा नात झाली होती. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, दाराकडे पाहिलं.

"मम्मी नाही आली?"

मी सांगितलं, उद्या सकाळच्या विमानानं येईल, जागा एकच होती.

"पण तिचं नाव तं वर होतं."

कळा येत असताना ती फोनवर आमची नावं पाहत होती. कंपनीच्या माणसांना ते दिसतं म्हणे. मम्मीच्या नावापुढे जागा लागलेली तिनं पाहिली, मुलगा सांगत होता, आणि मग कुठं शांत झाली, आत न्या म्हणाली. पुढचं तिनं पाहिलंच नव्हतं.

मी म्हटलं, तिनंच दिली मला. सुनेच्या रीतीत कुठं कमी नाही. तिनं खुणावलं तसं मुलानं बाळ उचलून माझ्या हातात दिलं. मग तिनं उशीखालचा फोन काढून लावला, मम्मी एवढंच म्हणाली, आणि रडायला लागली. माझ्यासमोर ती आजवर कधी रडली नव्हती. तिकडून काय बोलणं चाललं होतं ते मला ऐकू येत नव्हतं. सून नुसती हो हो करत होती, आणि तिचा चेहरा निवळत होता.

नात माझ्या हातात होती, दोन्ही आज्यांत पहिली माझ्या. आणि मी तिच्याकडे पाहायचं सोडून त्या फोनकडे पाहत होते.