बेअरिंग चांगलं होतं

चाकणच्या आमच्या कारखान्यात कोणतं मशीन कधी दुरुस्तीला काढायचं, हे मोशीचे एक गृहस्थ ठरवत. रोज सकाळी ते प्रत्येक मोटरला पालथा हात लावून बघत आणि वहीत 'चालंल' किंवा 'बघू' एवढंच लिहीत. मुदत भरली म्हणून पार्ट बदलणं त्यांना पटत नसे. "चांगलं मशीन उगा कशाला उघडायचं?" म्हणत.

एकदा ऐन माल पाठवायच्या दिवशी ते माझ्याकडे आले.

"साहेब, मोठा प्रेस दोन तास थांबवा. बेअरिंगचा आवाज बदललाय."

उत्पादनाची जबाबदारी माझ्याकडे होती. मी बराच वाद घातला, पण शेवटी प्रेस थांबवला. ट्रक दुसऱ्या दिवशी गेला आणि वरिष्ठांची बोलणी मी खाल्ली.

संध्याकाळी काढलेलं बेअरिंग त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

"फिरवून बघा. अजून दोन म्हैने चाललं असतं. माझा अंदाज चुकला."

वहीतही त्यांनी तसंच लिहून खाली सही केली होती. ते न सांगते, तर मला कधीच कळलं नसतं.

पुढच्या वेळी त्यांनी थांबवा म्हटलं, तेव्हा मी कारण विचारलं नाही.