नामदेवरावांचा सोमवारचा काटा

सोमवारी सकाळी कापसाच्या गाड्या आत यायच्या आधी नामदेवराव स्वतःच मोठ्या तराजूच्या पारड्यात बसायचे. अकोल्याच्या जिनिंगमध्ये ते मापारी होते. समोरच्या पारड्यात वजनं चढवून हमाल ओरडायचा, "एक मण पाच शेर!" मग हशा. "हासा लेकहो," नामदेवराव उतरत म्हणायचे, "माह्या मालात भेसळ नाही."

आमचे हे तिथेच फिटर, खोलीही जिनिंगच्या आवारातच. मी राजापूरकडची, सातवीत शाळा सोडलेली. लग्न होऊन इतक्या लांब आले, तेव्हा वऱ्हाडी बोलणं ऐकलं की सगळे रागावल्यासारखे वाटायचे. घाबरून मी दारातसुद्धा उभी राहत नसे. नामदेवरावांनीच ओळख नसताना हाक मारली, "जयभीम वयनी! काहून लपून राहिल्या? आमी काई वाघ नाही." त्यांचं घर चांदूर रेल्वे या गावी, इथे ते एकटेच. पुढे ते आमच्याकडेच जेवू लागले. तेवढ्याने मला गाव आपला वाटू लागला.

त्यांच्या काळजाला जन्मापासून भोक होतं. आमच्या तीन पायऱ्या चढतानाही मध्ये थांबायचे; थंडीत ओठ निळे पडायचे. मी मनाशी ठरवलं, या माणसाचं अंग भरून काढायचं. माहेरून आलेले खारे बांगडे, पापड, लोणचं, सगळं त्यांच्या ताटात. तेही बोटं चाटून खायचे.

एका सोमवारी हमाल ओरडला, "एक मण दहा शेर!" पंधरा दिवसांत पाच शेर! मी जिनिंगभर गूळ वाटला. नामदेवराव मात्र हसले नाहीत. संध्याकाळी जेवायला आले ते अनवाणी, पाय वहाणेतच जाईना. ओट्यावर बसून त्यांनी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"वयनी, एकदम जड झालेल्या कापसात मी पयले हात घालतो. पाणी मारेल असते."

अमरावतीच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. ते मांस नव्हतं, पाणी होतं. काळजाला रक्त ढकलायला जड जात होतं, त्यात माझ्या मिठाने भर घातली. सुया टोचून पाणी उतरवलं. परत आले ते पुन्हा एक मण पाच शेर. मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

"रडून काहून राहिल्या? मायेनं चारलं न तुमी? आता माया तशीच राहू द्या, मीठ तेवढं काढा."

त्यानंतर चुलीवर एक वेगळं पातेलं चढलं. बिनमिठाचं वरण पाहून ते तोंड वाकडं करायचे, "हे वरण हाय का हळदीचं पाणी?" पण थेंब ठेवायचे नाहीत. आता ते रोज सकाळी पारड्यात बसायचे आणि आकडा तोच निघाला की येऊन मला सांगायचे. कुणी म्हटलं, "नामदेवराव, अंग धरा जरा," तर मीच आधी त्यांच्या पायांकडे बघायचे.

चार वर्षांनी यांना नाशिककडे काम लागलं. स्टेशनवर नामदेवराव आले होते. गाडी सुटायची वेळ झाली आणि माझं तेच चालू, "आता तुमचं जेवण कोण बघणार? खानावळीत मीठ घालतील."

धोतर जरा वर घेऊन त्यांनी बाकावर पाय ठेवला, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खिडकीतून मी वाकून पाहिलं. कातडी लगेच सपाट झाली.

"पायलं न? जा आता बिनघोर."