म्हात्रे मॅडमची कंबर

म्हात्रे मॅडम वॉर्डात शिरल्या की आधी आमच्या पायांकडे बघत. पेशंट, सलाईन, केसपेपर सगळं नंतर. पाय जुळवून पलंगावर ओणवी झालेली एखादी दिसली, की तिच्या पाठीत टपली बसे. "पाय फाकव, गुडघ्यात वाक. कंबर भाड्यानं मिळत नाय गो!"

पेणच्या नर्सिंग स्कूलमध्ये त्या आम्हाला शिकवत. माहेर खाडीकाठचं, मिठागरात राबणाऱ्यांचं, सासर गडबचं. इंग्रजी पुस्तकातल्या चार ओळी वाचून दाखवायच्या आणि लगेच आपल्या बोलीवर यायच्या. प्रात्यक्षिकाला स्वतःच पेशंट होऊन पलंगावर पडत आणि अंग असं सैल सोडत, की उचलणाऱ्या दोघींना घाम फुटे. "खेचतेस काय? जवळ ये. पेशंट जड नसतो, आपण लांब उभ्या असतो." वळताना कंबर पिळायची नाही, पावलं फिरवायची. आणि एकटीनं पेशंटला उचलायचं नाही, म्हणजे नाहीच.

या शेवटच्या नियमासाठी त्या कुणाशीही भांडत. एकदा वॉर्डच्या सिस्टर घाईला आल्या होत्या. "एक मुलगी पुरे, बाकीच्यांना ड्रेसिंगला पाठवा." मॅडमनी माझा हात पेशंटच्या खांद्याखालून काढून घेतला. "पेशंट जरा थांबेल. हिला अख्खी नोकरी करायची हाय."

आमच्या शेवटच्या वर्षी त्या टेबलाला टेकून शिकवू लागल्या. खुर्चीत बसताना दोन्ही हातांचा आधार घेत. विचारलं तर म्हणत, "वय झालं." पास होऊन मी रोह्याला नोकरीला लागले, आणि काही महिन्यांनी कळलं की मॅडमनी शाळा कायमची सोडली.

रजेच्या दिवशी मी एसटीनं गडबला गेले. दार त्यांच्या मुलानं उघडलं. नुकताच कंपनीतून शिफ्ट करून आला होता, डोळे तारवटलेले. आत पलंगावर मॅडमचे यजमान होते. अर्धांगवायूनं त्यांचं अर्धं अंग गेलेलं. आणि खाली चटईवर मॅडम. दोन दिवसांपासून त्यांना उठून बसताही येत नव्हतं.

"दोन वर्षं हिनं एकटीनं केलं त्यांचं," मुलगा म्हणाला. "शाळा करून आली की अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं. मला सांगायचं ना, आई!"

"तू शिफ्टवरनं यायचास, जेवायचास नि आडवा व्हायचास. कधी सांगू?"

"पण मॅडम, तुम्हीच तर आम्हाला…"

"ठाऊक हाय गो." त्यांनी डोळे मिटले. "मी शिकवलं त्यात खोट नव्हती. घरात दुसरं माणूस नव्हतं."

यजमानांची कूस बदलायची होती. मुलगा पलंगाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. मॅडम चटईवरूनच सांगत होत्या, चादर कुठं धरायची, कुणी आधी वळवायचं. आम्ही त्यांना वळवलं, सदरा वर केला. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पाठी मी रोज बघते. कितीही जपा, कुठंतरी कातडी लाल होते, मग जखम होते. या पाठीवर साधा डागही नव्हता. मी बघतच राहिले.

"पावडर लाव," मॅडम खालून म्हणाल्या, "नि त्याला नीट शिकव. माझ्यानं आता व्हायचं नाय."

मी शिकवू लागले. तो पेंगत होता, तरी ऐकत होता, पुन्हा पुन्हा करून बघत होता. मध्येच त्यानं माझा हात धरून थांबवलं आणि खाली बोट दाखवलं. मॅडमना झोप लागली होती.

"हळू बोला, ताई," तो म्हणाला. "दिवसाउजेडी झोपलेली मी हिला कधी बघितलीच नाय."