उंटाच्या रक्तावर काम करणाऱ्या मॅडम

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण माझ्या कॉलेजबद्दल मत सगळ्यांचं होतं, काकांचं जरा जास्तच. मी केमिस्ट्री सोडून कॉमर्सला जावं असं त्यांनी ठरवलं होतं आणि त्या शुक्रवारी बाबांचा होकार घ्यायला ते इथे आखातात, ऊद मेथा भागातल्या आमच्या फ्लॅटवर जेवायला आले.

मी नुकतीच कॉलेजच्या लॅबमधून आले होते. आमच्या मॅडमनी सगळं आयुष्य अँटीबॉडीजवर घालवलंय. शरीरात शिरलेल्या जंतूला ओळखून पकडणारी ही प्रथिनं. उंटाच्या रक्तात त्यांचा एक वेगळा, लहान प्रकार असतो. त्या दिवशी मॅडमनी मला दोन नळ्या तापवायला दिल्या. माणसाची अँटीबॉडी नासलेल्या दुधासारखी फुटली. उंटाच्या अँटीबॉडीचा तुकडा मात्र निवल्यावर पुन्हा कामाला लागला. मला ते कोणाला तरी सांगायचंच होतं, म्हणून जेवताना सांगून टाकलं.

"खलास!" काकांनी कपाळाला हात लावला. "पोरगी उंटाच्या रक्तात करिअर करणार!"

"सो ग्रॉस," धाकटा भाऊ म्हणाला.

बाबा हसले नाहीत. ते दिवसभर मरीना भागातल्या हॉटेलची गाडी चालवून आले होते.

"तुझ्या मॅडमना तरी काय मिळालं?" काकांनी विचारलं. "लग्न केलं का त्यांनी?"

"नाही."

"बघ!"

"काय बघू? त्यांना करायचं नव्हतं." मी थांबले नाही. "त्यांच्या साहेबांनी सांगितलं होतं, ह्यात काही नाही, तेल कंपनीच्या लॅबमध्ये जा. त्या गेल्या नाहीत. मीपण जाणार नाही."

"मोठ्यांना उलट बोलायला शिकवतात का केमिस्ट्रीत?"

"नाही काका. ते माझं मीच शिकले."

आईने घाईघाईने काकांना आणखी भात वाढला. मग बाबांनी विचारलं, "आणि नोकरी नाही लागली तर?"

खोटं उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

"माहीत नाही, बाबा. पण कोर्स बदलणार नाही."

त्यांनी मला हो म्हटलं नाही. अजूनही म्हटलेलं नाही. सोमवारी मी लॅबमध्ये गेले आणि मॅडमना सांगितलं, "पुढच्या सेमिस्टरला मी आहे."