बर्फाची उंची आणि आप्पांचा ऊस

दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाची उंची मी विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीत बसून मोजते, हे नातेवाइकांना पटवून द्यायचं मी कधीच सोडून दिलंय. उपग्रह वरून लेसर सोडतो. तो खाली आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून उंची कळते. दोन फेऱ्यांमधला फरक काढायचं गणित माझं. त्या गणिताप्रमाणे बर्फ बराच खाली गेला होता आणि माझ्या गाइड मॅडमना ते पटत नव्हतं. चूक तुझ्या गणितातच असणार, असं त्यांचं म्हणणं. तसं निघालं असतं तर माझं सगळं संशोधन मुसळ केरात.

उपग्रहाची वाट आमच्या आष्ट्याच्या रानावरूनही जाते. म्हटलं, जिथली उंची आपल्याला ठाऊक आहे तिथेच गणित लावून बघू. माझ्या वडिलांचा, आप्पांचा ऊस दोन्ही फेऱ्यांना उभाच असणार. झाला तर थोडा वाढलेलाच. उत्तर आलं आणि मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. बांधालगतचा ऊस जागच्या जागी, मधला मात्र पार खाली! लगेच आप्पांना फोन केला. तोड अजून सुरू झाली नव्हती, आणि कालच त्यांनी बांधावरून ऊस पाहिला होता, एकदम झकास.

मला चैन पडेना. मिळेल त्या एसटीने आष्टा गाठलं आणि आप्पांना रानात ओढत नेलं. पाती अंगाला कापत होती, आप्पा पुटपुटत होते. कडेच्या सऱ्या ओलांडल्या आणि समोर एकदम आभाळ मोकळं झालं. परतीच्या पावसातल्या वाऱ्याने मधला सगळा ऊस लोळवला होता, आणि कडेच्या उभ्या उसाने बांधावर कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मी उड्याच मारायला लागले.

"माजा ऊस लोळला आन् तू नाचतीस व्हय गं?" आप्पा म्हणाले, पण त्यांनाही हसू फुटलं होतं.

मग तिथेच पाचटात उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. मॅडमची शंका, वरून पडणारा लेसर, आणि माझं गणित कसं चोख निघालं ते. माझा आवाज नुसता चढत होता. आप्पा ऐकता ऐकता आडव्या उसाकडे बघत राहिले.

"म्हंजी त्यो बर्फबी खरंच खाली गेलाय म्हण की."

"व्हय, आप्पा," मी म्हणाले. हसू अजून तोंडावरच होतं, आणि त्याचं काय करावं ते मला कळेना.