एक वाजता रिकामा केलेला हॉल
फिनाईलचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. निर्वासितांच्या कायद्यावरचा आमचा दोन दिवसांचा कोर्स मंडईजवळच्या एका हॉलमध्ये होता. काबूलहून जीव वाचवून आलेला पाहुणा आपलं घर कसं सुटलं ते सांगत होता, तेवढ्यात हॉलच्या व्यवस्थापकांनी पंखे बंद केले आणि फिनाईलची बादली आत आणवली. “अहो, पाचच मिनिटं!” मी म्हणाले. “एक वाजला, तुमची वेळ संपली. निर्वासितांचं काय ते बाहेर बसून शिका,” व्यवस्थापक म्हणाले. आम्ही सगळे वकील तावातावाने हुज्जत घालत राहिलो. वळून पाहिलं, तर पाहुणा पाठीला सॅक अडकवून केव्हाच फाटकाबाहेर उभा होता. आता तो कोर्स मी शिकवते. पाहुण्यांचं बोलणं सकाळी पहिलंच ठेवते.