तांबडं म्हणायचं नाही: नगर ते आंबेजोगाई, बैलगाडीने

आंबेजोगाईला जायचं ठरलं ते सासूबाईंच्या हट्टापायी. मनू झाली तेव्हा त्यांनी योगेश्वरीला नवस बोलला होता, की पोर चालती-बोलती झाली की तुझ्या पायांवर आणून घालीन. मनू चालायला लागली, आणि बोलायला तर अशी लागली की दुपारी आळीत कुणाला डोळा लागू देईना. ती पाच वर्षांची झाली तरी नवस राहिलाच होता. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून होळी झाल्यावर मी, हे आणि मनू असे तिघेच निघालो. हे शाळेत मास्तर असल्यामुळे सुट्टी मिळवणं हाच पहिला नवस होता.

तुम्ही जाणार असाल तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. शेवगावपर्यंत खडीचा रस्ता आहे, तिथवर काही त्रास नाही. पुढे निजामाची हद्द लागते आणि रस्ता असा उरत नाही, गाडीवाटच असते. आपला इंग्रजी कलदार रुपया पलीकडे घेतात, पण कुरकुरत. म्हणून शेवगावातच सराफाकडून थोडी हाली, म्हणजे निजामी, नाणी करून घ्या. आणखी एक, नवं कापड गाठोड्याच्या वर ठेवू नका. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर ते पाहिलं की गाठोडं शेवटपर्यंत उलगडावं लागतं.

शेवगावला आम्ही गणपाची गाडी ठरवली. गणपा भाविक माणूस. वाटेत शेंदूर लावलेला दगड दिसला की बैल थांबवून हात जोडायचा. पळस नुसता पेटला होता, बांधाबांधावर पांगारा फुलला होता. यांनी मनूशी खेळ लावला, तांबडं आधी कोण पाहतं त्याचा. मनू ओरडायची, तांबडा पळस, तांबडी माती, तांबडी गाय, तांबट पक्ष्याच्या कपाळावरचा तांबडा टिळा. मग यांच्यातले मास्तर जागे झाले आणि गेरू वेगळा, डाळिंबी वेगळा, कुंकवाचा वेगळा असं सुरू झालं. मी म्हटलं, पोर सहलीला आलीय, परीक्षेला नाही.

नाक्यावरच्या कारकुनाने आमची गाठोडी उलथीपालथी केली. मग मनूकडे पाहून म्हणाला, "बच्ची का मूँ बहोत सुर्ख दिसरा, बाई." गालांच्या लालीचं कौतुक समजून मी हसले. गाडी सुटल्यावर तिच्या गालाला हात लावला तेव्हा तो भाजत होता.

पुढचा प्रवास कसा झाला ते नीट आठवतही नाही. मनूचे डोळे लाल झाले, उजेड सोसेना, खोकला थांबेना. कानामागे चार ठिपके दिसले. हे म्हणत होते गोवर असेल, पण त्यांचाही आवाज खात्रीचा नव्हता. देवी असल्या तर? आम्ही दोघे आत तिच्यावर ओणवे झालेले, त्यामुळे गणपाने उतरून काय केलं ते आम्हाला कळलंच नाही. त्याने कडुलिंबाचा एक मोठा डहाळा तोडून गाडीच्या पुढे बांधला होता. ज्या घरात देवीचं दुखणं असतं त्या घराच्या दाराला लिंब बांधतात. गणपाने बिचाऱ्याने देवीचा मान राखला, पण त्यामुळे गाडीत काय आहे ते मैलभर आधीच सगळ्यांना दिसत होतं.

चकलांब्याच्या वेशीवर आम्हाला अडवलं. पाटील स्वतः आले, पण दहा हात लांब उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. गावात लहान लेकरं फार आहेत, रागावू नका, असं त्यांनी दोनदा म्हटलं आणि पाणी-भाकरी बाहेर पाठवून दिली. मी गणपावर तोंडसुख घेतलं. त्याने डहाळा सोडून फेकला, पण आता त्याचा काय उपयोग! हे म्हणाले, तडक गेवराईला जाऊ, तिथे हकीम मिळेल. पाटील म्हणाले, अशा तापात पोरीला उन्हातून हादरे देत नेऊ नका, ओढ्यापलीकडे माळावर धनगरांचा वाडा बसलाय, त्यांच्या सगळ्या लेकरांचं हे होऊन गेलंय, ते घेतील. हे माझ्याकडे पाहत राहिले. घरात दोरीचं गुंडाळं कुठे ठेवायचं तेही हे मला विचारतात, पण त्या दिवशी तो निर्णय मला माझ्यावर नको होता. मी म्हटलं, गाडी माळाकडे घे.

वाडा म्हणजे काटेरी कुंपणात बसवलेली मेंढरं आणि बाजूला दोन पालं. तिथे धुरपदाबाई भेटली. वय सांगता येणार नाही, हात मात्र भाकरी थापून थापून रुंद झालेले. तिने मनूला आमच्या हातून घेतलं, कानामागे पाहिलं, पोटावर पाहिलं आणि गोवर आहे म्हणून सांगितलं. माझा जीव भांड्यात पडणार तोच तिने एक अट घातली.

"ऱ्हावा खुशाल. पन लेकराच्या अंगावर उठलेलं हाय तवर त्या रंगाचं नाव वाड्यात कुनी घ्यायचं न्हाई."

यांनी का म्हणून विचारलं. ती रागावली नाही. "कामात असलेल्या मानसाला हाक मारली तर ते काम टाकून मागं वळतं का न्हाई? तसंच हाय. नाव घेतलं की ते भाईर यायचं सोडून आत वळतं. आत वळलं तर लेकरू हाती लागत न्हाई, दादा."

गोवर आत गेला तर घात होतो, हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. वाद घालायची छाती मला तरी नव्हती.

त्या वाड्यात मग त्या रंगाशिवाय कसं बोलायचं ते आम्ही शिकलो. तांबडं फुटलं म्हणायचं नाही, उजाडलं म्हणायचं. तांबड्या मेंढीला बोराच्या रंगाची म्हणायचं. भोपळा नुसता भोपळा. डोक्याला बांधायचं पागोटं असेल तर पळसाच्या फुलाचं. लाल, आरक्त, सुर्ख, सगळीच नावं बंद. एकदा हे जेवताना पाणी मागायला गेले आणि "तो तां..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. सगळ्यांचे हात भाकरीवर थांबले. यांनी घास गिळला आणि म्हणाले, तो ओढ्याकाठच्या मातीचा माठ. मला हसू आलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण पालात मनू कण्हत होती.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली. सकाळी ठिपके गळ्यापर्यंत आले होते, कच्च्या बोराच्या एका गालावर रंग चढतो तेवढेच. दुपारी पाहिलं तर ते नव्हते. अंग पांढरंफटक, श्वास वरवर चाललेला. धुरपदाबाईने मनूला घोंगडीत गुंडाळलं, हुलग्याच्या पिठाचं पातळ, कढत माडगं चमच्याने घशात सोडलं आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, धरून बसा. मी धरून बसले. ज्या रंगाच्या धास्तीने वाटभर मेले होते, त्याच रंगाची आता मी वाट पाहत होते. तोंडातून नाव काढायची सोय नव्हती, म्हणून मनात म्हणत होते, ये बाबा, पळसासारखा ये, गुंजेसारखा ये, कसाही ये. मनातलं चालत असेल की नाही तेही ठाऊक नव्हतं. हे पालाबाहेर फेऱ्या घालत होते आणि गणपा बैलांजवळ डोकं धरून बसला होता. दिवस कलला तेव्हा मनूच्या कपाळावर एक ठिपका दिसला. मग दुसरा. दिवा लागेपर्यंत पोरीचं सगळं अंग फुललं. मी रडले ते धुरपदाबाईच्या खांद्यावर, आणि तिच्या लुगड्याला मेंढरांचा वास होता तो मला आजही आवडतो.

त्यानंतर ताप उतरला. अंगावरचा रंग गुंजेचा होता तो विटेचा झाला, मग वाळल्या गेरूचा. मधे ती कान धरून फार रडली, कानातून पाणी आलं. आम्ही ते दुखण्याचंच समजलो. मेंढीचं दूध तिला पचायला लागलं आणि ती उठून बसली. पण बोलत मात्र नव्हती. थकलीय, असं मीच सगळ्यांना सांगत होते.

निघायच्या दिवशी तिला कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. त्यांच्यात पद्धत अशी, की दुखणं सुटलं म्हणजे दुखणाईताने त्या रंगाचं नाव पहिल्यांदा घ्यायचं. मगच वाड्यातल्या बाकीच्यांचं तोंड मोकळं होतं. सगळे गोळा झाले. धुरपदाबाईने ओंजळभर गुंजा मनूपुढे धरल्या आणि विचारलं, "ह्यो कंचा रंग गं, बाय?"

मनूने गुंजा पाहिल्या. धुरपदाबाईकडे पाहून हसली. बोलली काहीच नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. हे पुढे होऊन म्हणाले, मने, खेळात म्हणायचीस ना, म्हण की. ती यांच्याकडे पाठ करून गुंजा वेचायला लागली.

धुरपदाबाई उठली. मेंढ्याच्या गळ्यातली घंटा सोडून ती मनूच्या मागे गेली आणि तिच्या डोक्याशी धरून जोरात वाजवली. बाजूची दोन मेंढरं दचकून उठली. मनू गुंजा वेचत होती.

"बाई," धुरपदाबाई मला म्हणाली, "लेकरू वाचलं. कान गेलं."

मी तिला एकच विचारलं, आता नाव कोण घेणार? ती म्हणाली, तीच घेईल. "तिनं म्हनल्याबिगर आमी न्हाई म्हननार. ऱ्हाऊ की आमी तसंच. काय अडतंय?"

पुढे गेवराई, बीड करत आम्ही आंबेजोगाईला पोचलो. सरकारी कागदात गावाचं नाव मोमीनाबाद आहे, पण वाटेत विचारताना आंबं म्हणा, पटकन कळतं. देऊळ देखणं आहे, उतरायला धर्मशाळा आहे, गर्दी नको असेल तर सकाळी जा. या वर्णनात मला एवढंच लिहिता येतंय. मनूला पायांवर घातलं आणि मी देवीशी भांडले. तुला चालती-बोलती आणायची कबूल केली होती, चालती आणलीय, बोलती तू वाटेत ठेवून घेतलीस, असं मी तिला तोंडावर म्हटलं. पुजाऱ्याने मनूच्या तोंडात तांबूल घातला, तिचे ओठ रंगले. जवळच्या एका बाईने काहीतरी म्हटलं, त्या रंगाचं नाव घेऊन, आणि मी तिच्या अंगावर धावूनच जाणार होते. परतीच्या वाटेवर माळावर गेलो तर काट्यांचं कुंपण तेवढं होतं. वाडा उठून गेला होता, कुठे ते चकलांब्यात कुणाला सांगता येईना.

घरी आल्यावर सासूबाईंनी नवस फिटला म्हणून साखर वाटायला काढली. मी डबा हातातून काढून घेतला. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्या खूप वेळ मनूचे कान कुरवाळत राहिल्या. दिवस गेले, मनू बोलेना. मी तिच्यासमोर बसून तोंड हलवायची, ती माझ्या ओठांकडे पाहायची आणि कंटाळून उठून जायची. फक्त तो एक शब्द मी तिच्यापुढे कधी काढला नाही. विश्वास होता म्हणून नव्हे. तिकडे माळावर कुणीतरी तोंड धरून बसलंय, तर इथे मी कशी म्हणू?

मग एका सकाळी अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. मनूने त्यातली मूठभर उचलली, माझ्या नाकाशी आणली आणि इतक्या मोठ्याने ओरडली की समोरच्या घरातल्या काकू दारात आल्या.

"तांबडं!"

आता ती बोलते. स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून मोठ्याने बोलते, आणि काकूंना त्याचा त्रास होतो. होऊ दे.

नगरच्या बाजारात घोंगड्या घेऊन धनगर येतात, त्या प्रत्येकाला मी धुरपदाबाईचं विचारते. अजून तिला ओळखणारा कुणी निघाला नाही. म्हणून हे लिहिलं. तुम्ही त्या बाजूला गेलात, चकलांबा, गेवराई, नारायणगड, कुठेही, आणि माळावर एखादा वाडा दिसला, तर सकाळी सगळे उठल्यावर जरा कान देऊन ऐका. तांबडं फुटलं म्हणत असतील तर पुढे चला. नुसतंच उजाडलं म्हणत असतील तर आत जा, आणि धुरपदाबाईला सांगा की मनूने म्हटलं.